तळहातावरचे डाग

रंगारीण पहिल्यापासूनच संशयी. शेजारणीच्या कुत्र्याला नवऱ्यानं हाड म्हटलं, तरी ही विचारणार, "एवढ्या प्रेमानं?" संशयापायी तिनं अंथरूणही कधीचंच वेगळं केलं होतं.

दोघांना एचआयव्ही होता. कुणाचा कुणाला, हे भांडण भांडून भांडून संपलं होतं. जेवण झालं की दोघं एकाच तांब्यातल्या पाण्यानं गोळ्या घेत, आणि मनातून तिला ते बरंच वाटे. हा माणूस आता दुसऱ्या कुणाचा होऊन होऊन काय होणार?

मग रंगारी रंगाची शेड चुकवू लागला. कापडाला जुळेल असं अस्तर रंगवण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि आता निळ्याच्या जागी जांभळं. अस्तराच्या दुकानातल्या बाईकडे तर तो डोळे बारीक करून बघत राही. रंगारणीच्या अंगाचा तिळपापड होई. "घ्या, पोटभर बघून घ्या," ती म्हणे. त्याच्या तळहातांवर तांबूस डाग उठले, ते दोघांनीही रंगावर ढकलले. रंगाऱ्याचे हात कधी स्वच्छ असतात का?

एका सकाळी रंग ढवळायची काठी समजून त्यानं तापलेल्या हंड्यालाच हात घातला. तेव्हा ती त्याला दवाखान्यात घेऊन गेली.

डॉक्टरीणबाईंनी भाजलेला हात बांधला आणि चपला काढायला लावल्या. तळपायांवरही तेच डाग. पाय काही कुणी रंगात बुडवत नाही. रक्त तपासलं तर सिफिलिस, जुनी माणसं गरमी म्हणतात ती.

"याची पहिली जखम दुखत नाही, म्हणून कळत नाही," त्या म्हणाल्या. "एचआयव्ही असला की कधीकधी जखमा जास्त होतात, त्या भरायच्या आत पुरळ येतं, आणि आजार डोळ्यांतही लवकर उतरू शकतो. पेनिसिलिन शिरेतून देऊ. नजर किती परत येईल, आत्ता सांगता येणार नाही."

रंगारणीचं रक्त या आजारापुरतं स्वच्छ निघालं. दुसरी असती तर सुटले म्हणाली असती. हिच्या काळजात कळ उठली. आधीचं दुखणं दोघांचं होतं. हे त्यानं तिला सोडून दुसरीबरोबर वाटून घेतलं.

सलाइन लावल्यावर त्यानं कबूल केलं. अस्तरवालीच.

"त्यांनाही तपासायला हवं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"तू नको जाऊस," तो बायकोला म्हणाला. "तू तिला वाट्टेल ते बोलशील."

अजून तिचीच काळजी! ती तडक निघाली. वाटभर शिव्यांची उजळणी चालली होती. अस्तरवाली जवळून पाहिली तर चाळिशी उलटलेली, दिसायला बेताचीच. ते जास्तच झोंबलं. मग तिनं गिऱ्हाईक समजून कापड पुढे केलं, आणि रंगाला कधी न शिवलेल्या त्या तळहातांवर तेच डाग होते.

शिव्या तोंडातच राहिल्या. "हे डोळ्यांत उतरतं," रंगारीण म्हणाली. "दुकान बंद करा. मी नेते दवाखान्यात."

अस्तरवालीनं शटर ओढायला घेतलं. मग तिनं हळूच विचारलं, "त्यांना आता दिसतं का?"

किती मायेनं विचारलं मेलीनं. नजर तर अजून काहीच परत आली नव्हती.

"मी दिसते," रंगारीण म्हणाली. "तेवढं पुरे."