चुन्याचं पाणी

दुपारचं जेवण झालंय. प्रयोगशाळेत काचपट्ट्या वाळताहेत आणि माझं डोकं टेबलावर टेकतंय. चार वाजता बैठक आहे. आमच्या आरोग्याधिकारी साहेबांना माझ्या अहवालातलं एकच वाक्य नकोय : टेकडी वॉर्डाच्या पिण्याच्या पाण्यात गटार मिसळतंय, त्यातूनच कावीळ पसरतेय. त्याऐवजी 'हंगामी आजार' लिहा म्हणतात. हंगामी! जसा काही आंबाच.

डोळे मिटतात न मिटतात तोच समोरच्या स्टुलावर रेवती. टेकडी वॉर्डातली, सातव्या महिन्यात काविळीनं गेलेली. पोट तसंच आहे, डोळे पिवळेजर्द. मला भीती वाटत नाही. राग येतो, पण तिचा नाही.

"मॅडम, झोपल्या का?"

"नाही गं. बस."

"बसलीच हाय. माहं रक्त पाहा ना अजून एक डाव."

मी तिची काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली सरकवते. मलेरियाचा जंतू नाही. तेव्हाही नव्हता, आणि तेवढ्यावर साहेबांनी जाहीर करून टाकलं होतं, "मलेरिया नाही, काळजी नाही." मी तिचं रक्त पुढे पाठवलं. काविळीचा विषाणू सापडला, पण निकाल येईपर्यंत ती गेली होती.

मान वर करते तर मी तिच्या अंगणात. तिची सासू परात घेऊन कावीळ उतरवतेय. रेवतीच्या हातांना आंब्याच्या झाडाची साल चोळलीय, वरून चुन्याचं पाणी. पाणी पिवळं होत जातं.

"उतरली पा!" सासू म्हणते.

रेवती माझ्याकडे वळते. "हा सालीचा रंग होय, मले बी ठाऊक हाय. पण तिले हसू नका, मॅडम. तिनं आपल्या परीनं केलं. साहेबानं काय केलं?"

सासू परात पुन्हा भरायला नळ सोडते. पाण्याला गटाराचा वास येतो.

अंगणातच आता लांब टेबल आहे, भोवती खुर्च्या, प्रत्येकापुढे बाटलीबंद पाणी. परात मधोमध. साहेब माझ्यापुढे पेन धरतात. "एका वाक्यानं काय बिघडतं, मॅडम?"

"मंग हे नळाचं प्या ना, साहेब," रेवती म्हणते.

साहेब आपल्या बाटलीचं झाकण घट्ट करतात.

रेवती माझा उजवा हात धरून परातीतल्या चुन्याच्या पाण्यात बुडवते. तिची बोटं गार आहेत. "तुमी काहून गप? माह्या जावेले पाचवा महिना हाय. ते बी याच नळाचं पिते."

मी साहेबांकडे वळते. "ते वाक्य मी नाही खोडणार."

"नोकरी गेली तं?"

"गेली तर गेली. अहवालाखाली नाव माझं आहे, त्यांचं नाही." मी साहेबांच्या हातातलं पेन घेते आणि परातीत टाकते. रेवती हसते, तोंडाला पदर न लावता.

"मॅडम, गाडी आली!" शिपाई दार वाजवतोय.

टेबल कोरडं आहे. समोरचं स्टूल रिकामं. माझ्या उजव्या तळहातावर मात्र चुना वाळलाय, रेषारेषांत पांढरा बसलाय. प्रयोगशाळेत चुना नाही, आणि पान मी खात नाही. धुवायला बेसिनपाशी जाते, नळावर हात ठेवते आणि तसाच मागे घेते.

साहेबांना बैठकीआधी सगळ्यांशी हात मिळवायची सवय आहे. आज मीच आधी हा हात पुढे करणार आहे.