ओढ्यापलीकडची सात वर्षं

माझी भाची, थोरल्या भावाची मुलगी, आठवीपासून आमच्याकडे बेंगळुरात राहून शिकली. जनावरांची डॉक्टर व्हायचं हे तिचं चौथीतच ठरलं होतं. गावाकडे म्हैस अडली की पोरांना गोठ्याबाहेर हाकलतात. ही बया डॉक्टरांची बॅग धरून आत उभी असायची. यंदा प्रवेश परीक्षेत तिने रँकही तशीच आणली. सरकारी कॉलेजातली जागा नक्की, असं तिच्या सरांनी पेढा तोंडात असतानाच सांगून टाकलं. खाजगी कॉलेजची आमची ऐपत नाही, त्यामुळे सगळं ह्या एका जागेवर होतं. मी ब्रँचमध्ये सगळ्यांना सांगत सुटले, आमच्या घरात डॉक्टर येणार, म्हशींची का असेना!

फॉर्म मी भरला. कोरमंगलाच्या बँकेत नोकरी माझी. दुसऱ्यांच्या फॉर्ममधल्या चुका काढण्यात वीस वर्षं गेली. त्यात एक अट होती, सरकारी जागेसाठी मुलाने राज्यात किमान सात वर्षं शिकलेलं असावं. मी हसले. सात कसली, पोरगी बाराच्या बारा वर्षं इथेच शिकली की! दादाला फोन करून म्हटलं, शाळेचा दाखला काढून पाठव. दादाने दुसऱ्याच दिवशी हेडमास्तरांकडून आणला. पहिली ते सातवी, बरोब्बर सात वर्षं, खाली गोल शिक्का. त्यांनी सात मागितली, आम्ही सात दिली. आठवी ते बारावीचे दाखले बेंगळुरातले, तेही वरून जोडले.

आता आमचं गाव कसं आहे ते सांगायला हवं. निपाणीपासून आत, हद्दीवरची वीसेक घरांची वस्ती. वस्तीखाली ओढा. उन्हाळ्यात त्यात चपलासुद्धा भिजत नाहीत. अलीकडे कर्नाटक, पलीकडे कोल्हापूर जिल्हा. आमचं रेशन अलीकडे, मत अलीकडे, जमिनीचा उतारा अलीकडे. पिठाची गिरणी पलीकडे, दाढी-कटिंग पलीकडे आणि शाळाही पलीकडे. अलीकडची मराठी शाळा चार किलोमीटरवर, पलीकडची हाकेच्या अंतरावर. मग लहान पोराला कोण चार किलोमीटर चालवत नेईल? माझे वडील त्याच शाळेत, दादा त्याच शाळेत, मीही त्याच शाळेत. वाटेत कुठे राज्य बदलतं हे आम्हाला कधी जाणवलंच नाही. आम्ही नुसतं 'खालच्या शाळेत' जायचो.

कागद तपासायच्या दिवशी मी रजा टाकली. सर्जापूर रोडवरून सकाळी लवकर निघालो तरी पोचेपर्यंत हॉल भरला होता. आमचा नंबर आला. टेबलामागे एक तरुण बाई होत्या, केसात अबोलीचा गजरा. एकेक कागद उलटा करत दाखल्यापाशी आल्या आणि थांबल्या. शिक्क्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "अक्का, इदु महाराष्ट्र अल्वा? हे महाराष्ट्रातलं ना?"

मी म्हटलं, "छे हो, आमच्या गावची शाळा ती."

त्यांनी दाखला माझ्याकडे फिरवला. शिक्क्यात जिल्हा कोल्हापूर. तो शिक्का मी शेकडो वेळा पाहिलाय. माझ्या स्वतःच्या दाखल्यावर आहे. पण तो वाचला असा त्या दिवशी पहिल्यांदा. कपाळ माझं!

मग मात्र माझी सटकली. मी कानडीत भांडायला लागले की आमचे हे सांगतात, अर्धी गल्ली बंद होते. म्हटलं, आधार कर्नाटकाचं, रेशन कर्नाटकाचं, हिचा बाप कर्नाटकात मत देतो, हिची आजी कर्नाटकात पेन्शन घेते, आणि ओढा ओलांडून शाळेत गेली म्हणून पोरगी परकी? पहिलीतल्या पोरीने ओढ्यात उभं राहून नकाशा बघायचा होता काय? मुलांच्या हक्काचे एवढे फलक लावता भिंतीवर, मूल कुठल्या बाजूला शिकलं ह्यावर त्याचा हक्क ठरतो होय? मागच्या रांगेतले लोक वळून बघायला लागले. भाचीने माझा दंड धरला. "आत्ती, बस कर," म्हणाली.

त्या बाई चिडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्या चिडल्या नाहीत. त्यांनी पाणी मागवलं, नियमांची छापील यादी पुढ्यात घेतली आणि एकेक कलम आमच्यासाठी शोधत बसल्या. आईवडिलांपैकी कुणी राज्यात सात वर्षं शिकलंय का? दादा खालच्या शाळेत आणि पुढे पलीकडच्याच हायस्कुलात. वहिनी कोल्हापूरकडची. वडील सैन्यात आहेत का? नाहीत. केंद्र सरकारच्या नोकरीत? नाहीत. मी म्हटलं, हिला पाच वर्षं मी सांभाळलंय, माझे मिस्टर पिढ्यान् पिढ्या बेंगळुरातले आहेत, त्यांचं शिक्षण धरा. त्यांनी यादी पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचली. आत्तीसाठी त्यात कलम नव्हतं. वाचताना त्यांचाच चेहरा पडत चालला होता.

शेवटी त्यांनी पेन्सिलीने कोपऱ्यात हिशेब मांडला. आठवी, नववी, दहावी, अकरावी, बारावी. "ऐदु वर्ष," म्हणाल्या. पाच वर्षं. "दोनच कमी आहेत हो अक्का. स्वल्प आधी आणलं असतं तर. एन माडोदु?"

काय करायचं, असं त्या मला विचारत होत्या. आणि ती दोन वर्षं कुठे गेली ते मला माहीत होतं.

ती पाचवी पास झाली तेव्हा दादा खास बेंगळुरला आला होता. रात्रभर बसमध्ये बसून, मांडीवर गुळाची ढेप घेऊन. म्हणाला, "सहावीपासून तुझ्याकडे ठेवू का हिला? इकडं राहिली तर जरा पुढं जाईल." मी म्हटलं, "अरे, एवढीशी पोर आईला सोडून राहील का? रडून रडून आजारी पडायची. थोडी मोठी होऊ दे की." दादाने मान डोलावली. खरं सांगते, त्यात पोरीच्या काळजीचं काही नव्हतं. आम्ही दोघं नोकरीवाले, मूलबाळ नाही. रविवारी उशिरा उठावं, इंदिरानगरला जेवायला जावं, कुणाचा डबा नाही, कुणाचा अभ्यास नाही. मला ते सोडवत नव्हतं. एवढंच होतं. दादाला कळायचं ते कळलं असणार, कारण त्याने पुन्हा विचारलं नाही. दोन वर्षांनी माझंच मन मला खाऊ लागलं, म्हणून मी फोन करून म्हटलं, आता पाठव. आणि तेव्हापासून गावात माझं काय कौतुक! भावाच्या पोरीला पोटच्या पोरीसारखं वाढवते म्हणून.

त्या टेबलापाशी उभ्या उभ्या मला हे सगळं आठवलं. बाईंनी कागद नीट लावून फाईल भाचीच्या हातात दिली. तिने दोन्ही हातांनी घेतली आणि "बरं, मॅडम, थँक्यू," म्हणाली. थँक्यू! मला तिला हलवून विचारावंसं वाटलं, कशाचं थँक्यू गं?

पुढचे आठ दिवस मी जमतील तेवढी दारं ठोठावली. ओळखीच्या वकिलाने हात टेकले. महाराष्ट्रात फोन केले, तर तिकडचे म्हणाले, दहावी-बारावी कर्नाटकात, राहणार कर्नाटकात, तुम्ही तिकडचे. सीमाभागातल्या मुलांसाठी तिकडे थोड्या जागा असतात म्हणे. पण त्यासाठी दहावी-बारावी सीमाभागातच झालेली हवी, आणि हिची झाली बेंगळुरात. म्हणजे आणलीच नसती तर कदाचित तिकडे लागली असती; वेळेवर आणली असती तर इकडे लागली असती. मी नेमकी मधल्या वर्षी आणली.

आठव्या दिवशी संध्याकाळी दादाचा फोन आला. मी स्वयंपाकघरात भाकरी थापत होते, भाची ओट्याशेजारी कोथिंबीर निवडत होती. तिने फोन स्पीकरवर टाकला आणि सगळं नीट सांगितलं, अगदी शांतपणे, कुणाची तरी दुसऱ्याची गोष्ट सांगावी तशी. इथलं नाही जमलं, तिथलंही नाही, साधं बीएस्सी करीन म्हणते.

दादा म्हणाला, "किती कमी पडली म्हणालीस?"

"दोन वर्षं."

"दोन," दादा एवढंच म्हणाला. मी तव्यावरची भाकरी उलटायची विसरले.

भाचीला वाटलं, बाप रागावला. ती घाईघाईने म्हणाली, "पप्पा, आत्तीवर चिडू नका हं. आत्तीने आणलं म्हणून पाच तरी भरली. नाहीतर एकही नसतं. माझ्यासाठी ती त्या ऑफिसात किती भांडली, तुम्ही बघायला हवं होतं."

मी वाट बघत होते. म्हण एकदा, दादा. एकदाच म्हणून टाक, पाचवीनंतरच पाठवत होतो, हिनेच नको म्हटलं. मला हलकं होऊ दे.

दादा म्हणाला, "आत्तीवर कशाला चिडू मी? तिला म्हणावं जेवून घे. उपाशी राहिली की डोकं दुखतं तिचं."

फोन बंद झाला. करपलेली भाकरी तिने स्वतःच्या ताटात घेतली, चांगली मला वाढली. आमचे हे अजून आले नव्हते. आम्ही दोघीच समोरासमोर बसलो. आता सांगून टाकू असं ठरवूनच मी घास खाली ठेवला.

"पोरी," मी म्हटलं.

तिने मान वर केली. रडून डोळे सुजले होते, तरी माझ्याकडे बघून हसली. "काय गं आत्ती?"

"मीठ दे," मी म्हटलं.