सोफ्याचा डावा कोपरा

रविवारी संध्याकाळी सहा वाजायला आले की अजूनही माझे हात गार पडतात. हीटिंग चालू असतं, कपात गरम चहा असतो, तरी गार. मी भित्री बाई नाही हं. हॉस्पिटलच्या फार्मसीत तीस वर्षं काढली आहेत, प्रिस्क्रिप्शन चुकलं तर भल्याभल्या कन्सल्टंटना फोनवर झापलंय. पण त्या एका रविवारची भीती काही केल्या जात नाही.

आमची लेक नोकरीसाठी अमेरिकेला गेली आणि तिथल्या फुटबॉलच्या नादाला लागली. लाथेने खेळायचा तो फुटबॉल नव्हे. हेल्मेट घालून, बॉल काखोटीला मारून एकमेकांच्या अंगावर धावून जायचं, तो. तिने मलाही नादाला लावलं. तिच्याकडे दुपारचा एक म्हणजे आमच्याकडे इंग्लंडात, स्लाऊला, संध्याकाळचे सहा. ती व्हिडिओ कॉल लावायची, मी फोन टीपॉयवरच्या फळांच्या बाउलला टेकवून ठेवायची आणि तीन तास आम्ही मायलेकी घसा कोरडा होईपर्यंत ओरडायचो. ह्यांना त्यातलं ओ की ठो कळत नसे. कौन्सिलमधून, म्हणजे इथल्या नगरपालिकेतून, रिटायर झालेला शांत माणूस. पेपर घेऊन माझ्या शेजारी बसायचे, एवढंच.

ऑक्टोबरात एका मॅचला आमची टीम सपाटून मार खात होती. हे सोफ्याच्या डाव्या कोपऱ्यात बसून पेंगायला लागले, आणि टीम जिंकली. झालं! माझे वडील पुण्याला क्रिकेटच्या मॅचला हेच करायचे. जोडी जमली की घरात कुणी जागेवरून हलायचं नाही. एकदा विरजण मागायला आलेल्या शेजारच्या काकूंना त्यांनी अर्धा तास दारातच उभं ठेवलं होतं, हातात वाटी घेऊन. आम्ही हसायचो, पण हलायचो नाही. तीच खोड मी स्लाऊला आणली. मॅच चालू असताना ह्यांनी डाव्या कोपऱ्यातून उठायचं नाही, बास. नोव्हेंबरात एकदा ते बाथरूमला गेले आणि नेमका तेव्हाच आमच्या खेळाडूच्या हातून बॉल सुटला. मी आठवडाभर त्यांच्याशी धड बोलले नाही. आता सांगताना लाज वाटते, पण तशी वागले खरी.

तो रविवार सीझनच्या शेवटच्या मॅचचा. जिंकलो तर प्लेऑफमध्ये, म्हणजे बाद फेरीत, हरलो तर सीझन संपला. त्यात आमचा लाडका रिसीव्हर हजार यार्डांच्या अगदी जवळ आलेला. लांबून फेकलेला बॉल पळत जाऊन झेलायचा, झेलून जितकं पुढे जाता येईल तितकं जायचं, तेवढे यार्ड त्याच्या नावावर. सीझनमध्ये हजार झाले की मोठा मान, आपल्याकडच्या शतकासारखा. बिचारा दोन वर्षं गुडघा घेऊन घरी बसला होता. सकाळी देवापुढे दिवा लावताना मी त्याचे हजार यार्ड मागितले. खोटं कशाला बोलू?

सव्वासातच्या सुमाराला ह्यांनी पेपर खाली ठेवला.

"अगं, जरा अवघडल्यासारखं होतंय. वर जाऊन पडतो थोडा."

"आत्ता? बॉल आपल्याकडे आहे आणि आत्ता उठताय?"

"छातीत भरल्यासारखं वाटतंय."

"मग दुपारी श्रीखंड कुणी ओरपलं? पित्त आहे ते. बसा गप!"

ते बसले.

ओव्याची बाटली टीपॉयवरच होती. टीव्हीवरची नजर न काढता मी चिमूटभर ओवा त्यांच्या तळहातावर ठेवला. तळहात ओला होता, गार होता. छातीत दुखलं आणि घाम आला तर एक मिनिटही थांबू नका, हे मी काउंटरवर रोज कुणा ना कुणाला सांगते. माझ्या बोटांना त्याच क्षणी कळलं होतं. मी बोटं अंगातल्या टीमच्या जर्सीला पुसली आणि मॅच बघत राहिले.

नंतर हाफटाइम झाला. तेव्हा तरी मान वळवून बघायचं! पण मी लेकीशी गप्पा मारत बसले, रिसीव्हर कसा धावला आणि कुणी त्याला कसं पाडलं. हे डोळे मिटून बसले होते. मला वाटलं, पेंगताहेत, म्हणजे शुभशकुन. अरे देवा.

साडेआठ वाजून गेले. आम्ही चार गुणांनी मागे होतो, रिसीव्हरला नऊ यार्ड हवे होते.

"उठू का गं?" हे म्हणाले. स्वतःच्या घरात, स्वतःच्या सोफ्यावरून उठायला अडुसष्ट वर्षांचा माणूस मला विचारत होता.

"नऊ यार्ड राहिलेत! हलायचं नाही!"

तेवढ्यात फोनमधून लेक म्हणाली, "आई, बाबांकडे बघ."

"थांब गं, आत्ता नको."

"आई! लुक ॲट हिम! बाबांचा चेहरा कसा झालाय बघ!"

हजारो मैलांवरून तिला दिसलं. मी वीतभर अंतरावर होते.

मी वळले. चेहरा राखेसारखा. ओठांवर ओवा तसाच चिकटलेला. डावा हात मांडीवर उलटा पडलेला आणि डोळे माझ्यावर. फोन उचलायचा तर त्यावर लेकीचा कॉल चालू, मी घरातला दुसरा फोन शोधत फिरतेय आणि तो आधीच माझ्या हातात. कसाबसा एमर्जन्सीचा नंबर लावला. पलीकडची बाई शांतपणे म्हणाली, "त्यांना उभं करू नका, चालवू नका. आहेत तिथेच बसू द्या. अजिबात हलू देऊ नका."

"अहो, हलू नका," मी म्हणाले. माझा आवाज मलाच ओळखू येईना.

"नाही हलत," हे म्हणाले.

ॲस्पिरिन ड्रॉवरमध्ये होती. गोळी त्यांच्या तोंडात घातली, "चावा, नुसती गिळू नका" म्हटलं आणि खाली गालिच्यावर बसून त्यांचं मनगट धरलं. नाडी लागत होती, मध्येच चुकत होती. प्रत्येक वेळी चुकली की मला वाटायचं, संपलं. टीव्ही चालूच होता. रिमोट हाताशी होता, पण तो बंद करायची माझी छाती होईना. बंद केला आणि ह्यांना काही झालं तर? शिकलीसवरलेली बाई, असली बुद्धी! एकदम स्टेडियम उसळलं, कॉमेंटेटर ओरडायला लागला. झाले असणार हजार. मी वर बघितलं नाही. फोनमध्ये लेक तोंडावर हात ठेवून बसली होती, तीही बघत नव्हती.

ॲम्ब्युलन्स आली. एक तरुण पॅरामेडिक मुलगी वायरी लावता लावता विचारायला लागली, "दुखायला कधी सुरुवात झाली?"

"आत्ताच," हे म्हणाले. "दहा-पंधरा मिनिटं झाली असतील."

आणि माझ्याकडे बघितलं. मला वाचवत होते. मी गप्प बसले असते तर कुणाला कळलंही नसतं, आणि एक क्षण, सांगते, मी गप्प बसलेही. मग म्हणाले, "नाही. सव्वासातपासून. त्यांना उठायचं होतं, मी उठू दिलं नाही."

त्या मुलीने घड्याळ बघितलं आणि वेळ लिहून घेतली.

स्टेंट घातला. हे वाचले. सकाळी डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं की हृदयाचा काही भाग कायमचा गेला आहे, तासभर आधी आणलं असतं तर बराच वाचला असता. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

टीम प्लेऑफमध्ये गेली, असं वॉर्डातल्या कुणाच्या तरी फोनवर ऐकलं. मी ह्यांच्या खाटेशी बसले होते. म्हटलं, "अहो, मी काहीही बडबडते. तुम्ही सरळ उठायचं होतंत. का नाही उठलात?"

"तुला घाबरतो ना मी," ते हसत म्हणाले.

सलाईन बघायला आलेली नर्सही हसली, तिला मराठी कळत नसूनही. मीही हसले. मग माझ्या लक्षात आलं, ते आता हसत नव्हते.

तो सोफा आम्ही चॅरिटीवाल्यांना देऊन टाकला. आता दोन वेगळ्या खुर्च्या आहेत, कुठली कुणाची असं काही नाही. मॅच मी बघते, पण निम्मं लक्ष ह्यांच्याकडे असतं. श्वास जरा मोठा घेतला तरी काळजात धस्स होतं. शंभर वेळा सांगून झालंय, हवं तेव्हा उठा, हवं तिथे जा. परवा त्यांना पाणी हवं होतं. मी आणते म्हटलं तर नको म्हणाले. खुर्चीच्या हातांवर दोन्ही हात टेकवले आणि उठण्याआधी माझ्या तोंडाकडे बघितलं.