मोठ्याचं

ऑस्ट्रेलियातल्या वेरिबीच्या त्या घरामागे गॅरेज होतं, आणि गॅरेजची केलेली खोली माझी होती. एका भिंतीला बेड, दुसऱ्या भिंतीला सिंक आणि दोन गोल प्लेटांची विजेची शेगडी. पुढच्या घरात दादा आणि वहिनी राहायचे. नात्याने ते माझे कोणी नव्हते. दोघंही पुण्याचे, दोघंही आयटीत, आणि खोली त्यांचीच. पण मी आलो त्या दिवशीच तिने सांगितलं होतं, "मॅडम-बिडम नको हं, वहिनी म्हण." घरापासून इतक्या लांब कोणीतरी असं म्हटलं, याचं मला फार बरं वाटलं होतं.

मग लॉकडाऊन लागला आणि युनी, म्हणजे विद्यापीठ, लॅपटॉपमध्ये आली. वर्गात सगळे कॅमेरे बंद ठेवायचे. काळ्या चौकोनांत पांढरी नावं, त्यातलं एक माझं. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. विद्यापीठ म्हणजे काय असतं हे मला कोणी सांगितलेलं नव्हतं, त्यामुळे ते असंच असतं की हे काही वेगळं चाललंय, तेही मला नीट कळत नव्हतं. प्रश्न विचारायचा असला की मी तो आधी वहीत लिहायचो, इंग्रजी तपासायचो, तोवर तास संपायचा. सुपरमार्केटात माल लावायचं काम मात्र चालू राहिलं. तिथे मास्क लावून "एक्स्क्यूज मी" आणि "नो वरीज" एवढंच बोलणं व्हायचं.

मराठी बोलायला दोनच माणसं होती, फोनवर आई आणि अंगणात वहिनी. कोणी कोणाच्या घरात जायचं नाही असा नियम होता, म्हणून वहिनी अंगणातल्या टेबलावर डबा ठेवायची, चार पावलं मागे सरायची आणि मग मास्कमधूनच गप्पा मारायची. कधी कढी-खिचडी, कधी मेथीचे पराठे. "खाल्लंस का नीट? तोंड बघ तुझं, भिजलेल्या पावासारखं झालंय." डबा रिकामा परत द्यायचा नसतो, म्हणून मी त्यात कधी संत्री घालून द्यायचो, कधी बिस्किटं. ती हसायची. "अरे, दुकानातलं काय देतोस? स्वतःच्या हातचं काहीतरी दे की एकदा."

ते माझ्या मनात राहिलं होतं. द्यायचं ते चांगलं झालेलं असावं, आणि मला चांगलं जमणारं असं तेव्हा काहीच नव्हतं.

एकदा शिफ्टला मांसाच्या फ्रीजमध्ये पाकिटं लावत होतो. एकावर लिहिलं होतं, 'ग्रेव्ही बीफ'. मला वाटलं, यात तयार ग्रेव्ही असणार, नुसतं गरम करायचं. मी ते हातात फिरवून बघत होतो, तर माझ्याबरोबर काम करणारे एक वयस्कर गोरे गृहस्थ हसायला लागले. "ग्रेव्ही तू करायचीस, मेट. ते पायाचं मांस आहे. हळूहळू शिजव, घाई करू नकोस." मग कोणी न विचारता त्यांनी मला सगळा स्ट्यू सांगितला. तुकडे मैद्यात घोळवायचे, लालसर परतायचे, कांदा, गाजर, बटाटा, आणि मग झाकण ठेवून विसरून जायचं. त्यांची आई रविवारी करायची. आमच्याकडेही रविवारीच असायचं, हे त्यांना सांगायचं माझ्या ओठांवर आलं होतं, पण तेवढ्यात कोणीतरी त्यांना दुसरीकडे बोलावलं.

पाकीट घेऊन घरी आलो आणि आईला फोन लावला.

"आई, मोठ्याचं आणलंय."

आमच्याकडे असंच म्हणतात. शेळी-बोकडाचं ते बारक्याचं, आणि दुसरं ते मोठ्याचं. जनावराचं नाव कोणी घेत नाही. गावात ते काळ्या पिशवीत यायचं, पिशवीवर वर्तमानपत्र, त्यावर पालेभाजीची जुडी. शब्दही तसाच गुंडाळलेला.

"कुठं मिळालं?" आईने आवाज खाली आणला. ऐकणारं तिथे कोणी नव्हतं, तरी.

"दुकानात. सगळ्यांसमोर ठेवलेलं असतं. वर लाइट लावलेला."

"लाइट?" ती पुटपुटली. "अन् हाय कशाचं? रेड्याचं?"

"इथं रेडे नसतात गं. गाईचंच."

आमच्याकडे म्हशी-रेड्याचंच असायचं, त्यामुळे तिला हे नवीन होतं. मग म्हणाली, "शिजायला हलकं असंल मग."

मी इतका हसलो की शेगडीवर हात टेकला. बरेच दिवस झाले होते असं हसून.

मग ती सांगत गेली आणि मी करत गेलो. पाणी आधी घालू नको, त्याचं त्याला सुटू दे. कांदा जळू दे थोडा. दाट करायला मैदा कशाला, येसर दिलंय की. भाजलेल्या धान्याचं ते पीठ आणि मसाला तिने येतानाच बॅगेत कोंबला होता. मैदा राहू दिला आणि येसर टाकलं. गाजर-बटाटा मात्र त्या गृहस्थांचा. आईला गाजर अजिबात पटलं नाही. "मोठ्याच्यात गाजर? काय हलवा करायलास का?" कुकर नव्हता, म्हणून जाड बुडाचं पातेलं, वर ताटली आणि ताटलीवर पाण्याने भरलेला तांब्या. फोन ठेवल्यावर मी लेक्चर लावलं, पण लक्ष सगळं त्या ताटलीच्या थरथरीकडे होतं.

दुपार सरता सरता खोलीत वास मावेना. थंडी होती, तरी खिडकी उघडली. झाकण काढून तुकडा दाबला तर चमच्याखाली सुटला. रस्सा काळपट, वर तेलाची तकाकी. खरंच चांगलं झालं होतं. माझ्या हातचं, चांगलं झालेलं. आणि ते खायला दुसरं कोणी नाही, हे मला त्याच क्षणी नीट लक्षात आलं.

"अरे ए!" अंगणातून वहिनीचा आवाज आला. "काय शिजवतोयस काय? दादा मीटिंग म्यूट करून वास घेत बसलाय."

मी दारात आलो. ती टेबलापाशी उभी होती, हातात रिकामा डबा.

"स्ट्यू केलाय," मी म्हणालो.

"स्ट्यू! बघा, एकदम ऑस्ट्रेलियन झाला पोरगा. मटणाचा?"

हो म्हणायला हवं होतं असं मला वाटत नाही. पण नाही कसं म्हणायचं तेही सुचेना. जो शब्द होता तोच तोंडून गेला.

"मोठ्याचं आहे, वहिनी."

"मोठ्याचं म्हणजे? मोठ्या बोकडाचं?" ती हसायला लागली. "म्हणून दुपारपासून शिजतंय होय! अरे वेड्या, लॅम्ब घ्यायचं ना, पटकन होतं. जाऊ दे, आता दे इकडे. दोन फोडी आणि भरपूर रस्सा." तिने डबा टेबलावर ठेवला आणि सवयीने चार पावलं मागे सरली.

तिला तो शब्द माहीतच नव्हता. माझ्या गावात कुठल्याही घराच्या दारात तो शब्द उच्चारला असता, तर समोरच्याला मी कोण, कुठल्या वस्तीतला, हे सगळं एकदम कळलं असतं. इथे मी तो मोठ्याने बोललो होतो आणि तो तिच्या शेजारून निघून गेला होता. आणि डबा माझ्यासमोर होता. एवढे महिने तिने तो भरून दिला होता. तो भरून द्यावा असं मला फार वाटत होतं, ते मी लपवत नाही. पण तिच्या तोंडात तिला न सांगता काही घालणं, ते माझ्याच्याने झालं नसतं.

"वहिनी, बीफ आहे ते."

मास्कमुळे फक्त डोळे दिसत होते. ते जरा मोठे झाले.

"अच्छा." मग लगेच, भरभर, "नाही रे, इट्स ओके. त्यात काय! इथे सगळेच खातात. दादासुद्धा ऑफिसच्या पार्टीत बर्गर हाणतो, त्याला वाटतं मला माहीत नाही." ती पुन्हा हसली. तिला मला अवघडवायचं नव्हतं, हे स्पष्ट दिसत होतं. "इथे आल्यावर सुरू केलंस ना?"

तिने जणू दार उघडून धरलं होतं. नुसतं हो म्हटलं की मी आत. इथे येऊन बीफ खाणारा मुलगा म्हणजे जरा वाह्यात, जरा धीट, दादासारखाच. वहिनीने चिडवलं असतं, घरी सांगू का म्हणून धमकावलं असतं, आणि पुढच्या आठवड्यात मेथीचे पराठे आले असते. माझं आडनाव असं आहे की त्यावरून काही कळत नाही. पहिल्या दिवशी तिने गाव विचारलं तेव्हा मी जिल्हा सांगितला होता, तेवढ्यावर भागलं होतं.

पण आईच्या बोलण्यावर मी फोनवर नुकताच हसलो होतो. ती पातेल्याजवळ उभी राहून मला सांगत होती असंच मला अजून वाटत होतं. हो म्हटलं असतं तर ती तिथे नव्हतीच असं झालं असतं.

"नाही," मी म्हणालो. "आमच्या घरी करतात. आई करते. तिनेच शिकवलं आज."

कुंपणापलीकडे कोणाचा तरी कुत्रा भुंकत होता. मग वहिनीला कळलं. कळलं म्हणजे काय, हे मी सांगू शकणार नाही. तिने तोंड वाकडं केलं नाही, एक पाऊलही मागे गेली नाही, कारण ती आधीच मागे होती. फक्त तिचे हात स्वेटरच्या बाह्यांत गेले.

"हो का," ती म्हणाली. "छान. चल, माझा कुकर लागलाय." कुकरचा आवाज काही आला नव्हता.

त्या दिवशी मी पोटभर जेवलो. गाजराची चव आईला कधी पटणार नाही, पण मला आवडली. संध्याकाळी फोनवर आईने विचारलं, "कसं झालं? दिलंस का त्या बाईला?" त्या दोघांबद्दल मी तिला नेहमी सांगायचो. मी म्हणालो, "दिलं नाही. पण सांगितलं."

"काय सांगितलंस?"

"मोठ्याचं आहे म्हणून. अन् तू शिकवलंस म्हणून."

पलीकडे नळाचा आवाज येत होता, तो बंद झाला. "खोली हाय ना पण?" आईने विचारलं.

"आहे, आहे. तशी नाहीयेत ती माणसं."

आणि खरंच, कोणी मला काही म्हटलं नाही. पुढचा आठवडा वहिनी अंगणात दिसली नाही. तिचं काम वाढलं असेल, थंडीही वाढली होती. मी खिडकीतून बघायचो, मग बघायचं नाही असं ठरवायचो. आठवड्याअखेर तिचा मेसेज आला. एरवी ती 'अरे ए' ने सुरू करायची आणि मधेच कशावर तरी हसायची. हा मेसेज इंग्रजीत होता, नीट, पूर्णविरामासकट. मी बरा असेन अशी आशा आहे, अभ्यास चांगला चालला असेल, काही लागलं तर कळव. चूक काढावी असं त्यात काहीच नव्हतं. मी तो पुन्हा पुन्हा वाचला. माझ्या प्राध्यापकांचे मेसेज असेच असायचे.

मीही इंग्रजीत उत्तर लिहिलं, थँक यू वगैरे, आणि पुसलं. मग मराठीत लिहिलं, 'मी बरा आहे वहिनी. तुम्ही जेवलात का?' आणि पाठवून टाकलं.

बऱ्याच वेळाने उत्तर आलं, एकच शब्द: हो. इंग्रजी अक्षरांत लिहिलेला. तो मराठीत धरायचा की इंग्रजीत, हे मला काही केल्या ठरवता येईना.