साडूंचं श्रमदान

जिंकणाऱ्यांचा इतिहास लिहिणारी माणसं जगात पैशाला पासरी मिळतात; पण हरणाऱ्यांचा इतिहास अठरा वर्षं मन लावून लिहिणारा माणूस अख्ख्या अमेरिकेत एकच आहे, आणि ते नेमके माझे साडू आहेत. राहायला मिनेसोटातल्या ईडन प्रेरीत, नोकरी सॉफ्टवेअरची, गाव मूळचं कऱ्हाड आणि जीव अडकलेला जर्मनीतल्या एका आडगावच्या रग्बी क्लबात. शिकायला तिकडे गेले असताना एका शनिवारी ते बटाट्यांची पिशवी घेऊन मैदानाजवळून चालले होते. संघात पंधराऐवजी चौदाच गडी आले होते, म्हणून कप्तानाने कुंपणापलीकडून यांना हाक मारली. रग्बी म्हणजे काय हे साडूंना ठाऊक नव्हतं, पण कॉलेजात कबड्डी खेळल्यामुळे धावत्या माणसाचे पाय कसे धरायचे ते ठाऊक होतं. त्यांनी पिशवी कुंपणाला अडकवली आणि पुढे चार वर्षं खेळले. "त्या चार वर्षांत आम्ही दोनदा जिंकलो," असं सांगताना त्यांचा चेहरा असा काही उजळतो, की दोन हा आकडा कमी आहे हे ऐकणाऱ्याच्या ध्यानातच येत नाही.

या क्लबात पगारी माणूस एकही नाही. दर सभासदाने वर्षाला पंधरा तास श्रमदान करायचं, म्हणजे गवत कापायचं, गोलाचे खांब रंगवायचे, सामना संपल्यावर पाहुण्या संघासाठी बटाटे सोलायचे. साडू अमेरिकेत आले तरी सभासदत्व सोडायला तयार होईनात. त्यांनी क्लबाचा चिटणीस हाइन्झ याला पत्र घातलं, की इथून मला गवत कापता येत नाही, तर माझे पंधरा तास मी कसे भरू? हाइन्झने उलट टपाली कळवलं, "मग आमचा इतिहास लिही." आता हा हाइन्झ म्हणजे चेहऱ्यावरची सुरकुती न हलवता विनोद करणारा माणूस. ज्या क्लबाच्या कपाटात एकही करंडक नाही, त्याचा इतिहास कसला डोंबलाचा! ही थट्टा आहे हे आम्हा सगळ्या घरच्यांना कळलं. साडूंनी मात्र त्याच रविवारी दोनशे पानी वही आणली.

तेव्हापासून दर वर्षी एक प्रकरण जातं. आधी मराठीत लिहायचं आणि मग "त्याला जर्मन इस्त्री करायची," असं ते म्हणतात. हंगामात दर शनिवारी सकाळी आठला, म्हणजे तिकडच्या दुपारी तीनला, हाइन्झ मैदानावरून फोन लावतो. बाहेर हाडं गोठवणारी मिनेसोटाची थंडी, आत साडू क्लबाची विटकी जर्सी घालून टेबलाशी बसलेले, आणि पुढ्यात ताईंनी, म्हणजे माझ्या मेव्हणीने, केलेले पोहे थंडगार होत चाललेले. त्यांची लेक जिन्यावरून विचारते, "बाबा, दे लॉस्ट, राइट?" त्यावर साडू शांतपणे सांगतात, "हरलो हे एका ओळीत मावतं गं. कसे हरलो त्याला पान लागतं."

एकदा त्यांना तिकडच्या एका नव्वदीच्या आजीबाईंशी तासभर फोनवर बोलताना मी पाहिलं. त्यांचे दिवंगत यजमान क्लबाकडून खेळायचे, आणि एका सामन्यात चिखलात त्यांचा बूट रुतून राहिला तरी ते तसेच पळाले होते. तो बूट डावा की उजवा, एवढंच साडूंना हवं होतं. फोन ठेवून ते म्हणाले, "डावा." त्यांचे डोळे भरून आले होते. मी हसायला गेलो आणि मला ते जमलं नाही. खरं सांगतो, मला त्या क्षणी या माणसाची भीतीच वाटली. मी माझ्या आजोबांबद्दलही इतकं कधी कुणाला विचारलेलं नाही.

अर्थात असल्या माणसाजवळ राहण्याची किंमत मोजावी लागते. इथल्या गणेशोत्सवात त्यांनी दहा मिनिटं मागून घेतली आणि रेशमी कुर्त्यातल्या आठ काकांना खाली वाकवून, खांद्याला खांदा लावून रेटारेटी कशी करतात त्याचं प्रात्यक्षिक दाखवलं. त्या आठांतला एक मी होतो. माझी कंबर पुढे दिवाळीपर्यंत मला साडूंची आठवण करून देत होती.

गेल्या हिवाळ्यात हाइन्झचं पत्र आलं. पंधरा गडी आता जमतच नाहीत. शेजारच्या शहरातल्या मोठ्या क्लबात विलीन व्हायचं का, यावर सभेत मतदान आहे. तसं झालं तर नाव जाणार आणि मैदानही जाणार. साडूंनी ऑफिसात आठवडाभराची लीव्ह टाकली. "मत देण्याआधी आपण काय बंद करतोय, ते तरी कळू दे त्यांना," असं म्हणून त्यांनी शेवटचं प्रकरण पुरं केलं आणि पाठवून दिलं.

सभेच्या शनिवारी मी मुद्दाम त्यांच्याकडे जाऊन बसलो. फोन आला. मला जर्मन येत नाही, पण साडूंची मान खाली गेली तेव्हा निकाल कळला. हाइन्झ मात्र त्यानंतरही बराच वेळ बोलत होता.

"काय म्हणत होता, साडूभाऊ?" फोन ठेवल्यावर मी विचारलं.

"सगळं प्रकरण वाचून दाखवलं म्हणाला. एकही माणूस मध्ये उठला नाही. मग मत दिलं, आणि क्लब बंद." ते पुढे म्हणाले, "आणि माफी मागत होता. म्हणे, अठरा वर्षांपूर्वी मी तुझी थट्टा केली होती. पण तुझं पहिलं प्रकरण आलं आणि मग सांगायचा धीर झाला नाही."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, मला तेव्हाच कळलं होतं. अरे, चार वर्षं त्याच्याबरोबर ओल्या गवतात लोळलोय, त्याची थट्टा मला कळणार नाही? पण मला क्लबात राहायचं होतं रे. इतक्या लांबून करण्याजोगं दुसरं काम नव्हतं."

पुढच्या शनिवारी मी काहीतरी निमित्त काढून आठच्या सुमाराला गेलो. साडू जर्सी घालून टेबलाशी बसले होते. फोन जागेवर होता, पण वाजत नव्हता. ताईंनी पोह्यांची बशी पुढे ठेवली, आणि इतक्या वर्षांत मी साडूंना पहिल्यांदाच गरम पोहे खाताना पाहिलं.