खंडेनवमीची गिनती

कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या बेदाण्याच्या एका शीतगृहात आकाराम माने संगणक सांभाळतात. फौजेच्या सिग्नल शाखेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेला माणूस. काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करण्याआधी ती ओठांतल्या ओठांत एकदा म्हणायची, ही त्यांची सवय.

शीतगृहाची सहा कामं सहा कंटेनरमध्ये चालतात. कंटेनर म्हणजे संगणकातल्या बंद खोल्याच. एक थांबवला तरी शेजारच्याला कळत नाही. सहावा गोदामांचं तापमान नोंदतो आणि ते चढलं की घंटा वाजवतो. परदेशी खरेदीदार त्याचा अखंड आलेख पाहूनच माल उचलतो.

खंडेनवमीला यंत्रं थांबवून पुजायची, ही वसाहतीची रीत. चालत्या सर्व्हरला कुंकू लावणं आकारामांना पटेना. साडेनऊला त्यांनी सगळे कंटेनर थांबवले, हार घातला, उदबत्ती ओवाळली आणि मग एकेक सुरू करायला घेतला. मध्येच प्रसादाला हाक आली. परत येऊन त्यांनी यादी मागवली. पाच नावं, पाचही चालू. ते निवांत झाले.

तीन वाजता पेट्या लावणाऱ्या मनुबाई दारात आल्या.

"आवं हवालदार, तीन नंबरच्या गोदामात गारवाच न्हाई. तुमची घंटा काय उपासाला बसलीया व्हय?"

आकारामांनी पुन्हा यादी मागवली. पाचच. मग त्यांच्या ध्यानात आलं, ही यादी फक्त चालू असलेल्यांची. फौजेत गिनतीला हजेरीपटावरून नावं पुकारतात, म्हणून गैरहजर सापडतो. आपण मात्र समोर उभे होते तेवढेच मोजले. थांबलेल्यांसकट यादी मागवली, तेव्हा सहावा दिसला. तो सुरू होताच घंटा वाजली. तीन नंबरच्या दारालाही सकाळी पूजेचा हार घातला होता, त्याचं टोक अडकून फट राहिली होती. आत चारऐवजी नऊ अंश.

दार लागलं, तापमान उतरलं. आलेखात मात्र साडेपाच तास कोरे राहिले.

मालक राजवर्धन म्हणाले, "काका, मधे चार-चार टाका की. कोण बघतंय?"

"नऊ होतं, साहेब."

"बरं, नऊ टाका."

"कवापासनं नऊ, ते मला ठावं न्हाई."

त्यांनी आलेखाखाली वेळ, कारण आणि स्वतःचं नाव लिहिलं.

सोमवारी खरेदीदाराचा माणूस आला. त्याने टीप दोनदा वाचली, पेट्या उघडून पाहिल्या, बाकीचा माल घेतला आणि तीन नंबरचा सोडला. तो माल पुढे तासगावच्या बाजारात गेला. राजवर्धन पंधरा दिवस आकारामांशी कामापुरतंच बोलले. नोकरी राहिली.

पुढच्या खंडेनवमीला मनुबाईंनी सर्व्हरकडे बोट दाखवलं.

"ह्यो तर चालूच हाय की."

"चालू दे," म्हणत आकारामांनी कुंकू लावलं. मग भिंतीवर चिकटवलेल्या कागदावरची सहा नावं एकेक करून वाचली आणि प्रत्येक नावाला पडद्याकडे पाहिलं.