माझ्या पाठीची धग

मला माझ्या साडूचा मत्सर वाटतो. हे वाक्य लिहायला पन्नाशी उलटावी लागली. तो माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. जयसिंगपुरात बी-बियाण्यांचं दुकान चालवतो. आजवर माझ्याशी एकदाही वाकडं बोललेला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं, निदान रागवायला काही कारण मिळालं असतं.

मत्सराची सुरुवात गाडीवरून झाली. मी दूध संस्थांमध्ये फिरून दुधाची तपासणी करणारा माणूस, त्यामुळे निम्मं आयुष्य मोटारसायकलवर गेलं. उन्हाळ्यात माझी पद्धत ठरलेली असायची. शर्टाची वरची बटणं उघडी, बाह्या दुमडलेल्या, आणि एकदा निघालं की थांबायचं नाही. वारा लागला की अंग गार होतं असा माझा समज. प्रत्यक्षात मेमधला वारा भट्टीचं दार उघडल्यासारखा अंगावर येतो. मी घरी पोचायचो तो तोंड भाजलेला, शर्टावर घामाचे पांढरे डाग घेऊन. डोकं इतकं ठणकत असायचं की कुणी साधं काही विचारलं तरी खेकसायचो. बायको आणि मुलगी बराच वेळ माझ्या वाटेला जायच्या नाहीत. मला वाटायचं, कमावत्या माणसाचं असंच असतं.

साडू मात्र भर उन्हाचा जयसिंगपूरहून यायचा आणि नुकती आंघोळ करून आल्यासारखा दिसायचा. निघताना तो पूर्ण बाह्यांचा सुती बनियन पाण्यात बुडवून, पिळून अंगात घालायचा. वरून ढगळ पांढरा शर्ट, बटणं गळ्यापर्यंत लावलेली. वारा बाहीतून थोडा थोडा आत शिरतो, ओलं कापड सावकाश वाळतं आणि तेवढा वेळ अंग गार राहतं, असं तो सांगायचा. बनियन वाळला की एखाद्या नळावर थांबून पुन्हा भिजवायचा. हेल्मेटखाली ओली सुती टोपी. तहान लागायच्या आधीच पाण्याचे दोन घोट. गाडी कधी उन्हात उभी करणार नाही.

"हे लाड हायत," मी म्हणायचो. "आमच्यासारखं रोज हिंडायला लागलं तर कळंल."

"रोज हिंडता म्हणून तर सांगतोय दादा," तो हसून म्हणायचा.

मी ते कधी करून बघितलं नाही. बघितलं असतं तर त्याचं बरोबर आहे, हे कबूल करावं लागलं असतं.

गेल्या उन्हाळ्यात सासुरवाडीला यात्रा होती. गाव मलकापूरच्या पुढे, आत. आमच्याकडे यात्रा म्हणजे मटणाचं जेवण, आणि नुसतं सासरच्या घरी जेवून सुटका होत नाही. भावकीतल्या प्रत्येक घरी ताटावर बसावं लागतं. नको म्हटलं तर माणसं पुढच्या यात्रेपर्यंत ते विसरत नाहीत. बायको आणि तिची बहीण मदतीला आधीच गेल्या होत्या. मुलीची कॉलेजची परीक्षा चालू होती, दुसऱ्या दिवशी पेपर होता, त्यामुळे आम्ही दोघं सकाळी जाऊन संध्याकाळपर्यंत परत येणार होतो. साडू सकाळीच कोल्हापुरात आमच्या घरी आला. दोन्ही गाड्या बरोबरच निघणार होत्या.

मी गाडी चालू केली. मुलगी हेल्मेट घेऊन खाली आली ती सरळ साडूच्या गाडीकडे गेली.

"अगं, इकडं," मी म्हटलं.

"पप्पा, तुमच्या मागं बसलं की तुमच्या पाठीची धग लागती. तव्याला टेकून बसल्यासारखं वाटतंय. मी काकांच्या गाडीवर बसते."

"बसू दे की दादा," साडू म्हणाला. "तुमची गाडी जरा पळंल तरी."

सगळ्या वाटेवर मी त्यांच्या मागे होतो. दोघांचं काहीतरी बोलणं चाललेलं दिसायचं. ती हसायची, पुढे वाकून त्याला काहीतरी सांगायची. माझ्या गाडीवर ती कधी बोलत नसे. वाऱ्यात ऐकू येत नाही म्हणून बोलत नसेल, असं मी इतकी वर्षं समजत होतो. परत येताना ती माझ्या मागे बसली पाहिजे, एवढं मी त्या वाटेवर मनाशी पक्कं केलं. बाकी कशातच माझं लक्ष राहिलं नाही.

दुपारी पंगत बसली. सासूबाई स्वतः वाढत होत्या. "पावणं, रस्सा?" म्हणाल्या की मी वाटी पुढे करायचो. तांबडा इतका तिखट होता की कानातून वाफ निघावी. साडू शेजारीच बसला होता, म्हणून मी वाटीमागून वाटी संपवत राहिलो. खरा जावई कोण ते सगळ्यांनी बघावं, अशी ती बालिश ईर्ष्या. साडूनं चतकोर भाकरी खाल्ली आणि वर तांब्याभर ताक प्यायला. मग आम्ही भावकीतल्या घरांत गेलो. तिथंही तो ताटावर बसायचा, एक घास भातावर रस्सा घेऊन खायचा आणि एवढ्या मोठ्यानं वाखाणायचा की चुलीपुढच्या बाईला आत ऐकू जावं. कुणाला राग आला नाही. मी मात्र प्रत्येक घरी पोटभर जेवलो.

ऊन अजून अंगणात ठाण मांडून होतं तेव्हाच मी चप्पल शोधायला लागलो.

"ऊन उतरू दे पावणं," सासूबाई म्हणाल्या.

"आम्हाला सवय हाय." मग मुलीकडे वळून सगळ्यांदेखत म्हणालो, "आणि आता माझ्या मागं बसायचं."

ती आईकडे बघत राहिली. मग तिनं हेल्मेट घातलं. साडू बादलीपाशी बनियन भिजवत होता. "दादा, तुमचा पण बुडवू का?" त्यानं विचारलं. मी गाडीला किक मारली.

मी जिंकलो होतो. ती माझ्या मागे बसली होती, पण माझ्या पाठीला अंग लागू नये म्हणून पार टोकाला सरकून. रस्ता रुंद करताना कडेची मोठी झाडं गेली आहेत, त्यामुळे सावलीचा पट्टा कुठे लागतच नव्हता. पोटात रस्सा पेटलेला. बांबवड्याच्या अलीकडे मला घाम यायचा बंद झाला. तेही मला चांगलंच वाटलं. मग त्या उन्हात अंगावर काटा आला, डांबर वर-खाली व्हायला लागलं आणि समोरून येणाऱ्या ट्रकचा हॉर्न फार लांबून ऐकू आल्यासारखा झाला.

"पप्पा! डाव्या बाजूला घ्या! पप्पा!" ती माझ्या पाठीवर बुक्क्या मारत होती.

गाडी कशीबशी मातीवर उतरली. तिनंच ती स्टँडवर लावली आणि मला ओढत जवळच्या एसटीच्या पिकअप शेडमध्ये नेऊन बसवलं. थोड्या वेळात साडू पोचला. त्यानं एक शब्दही ऐकवला नाही. माझं हेल्मेट काढलं, डोक्यावर पाणी ओतलं, शर्ट भिजवला, स्वतःचा टॉवेल ओला करून माझ्या मानेवर ठेवला. मग बाटलीत मीठ-साखर घालून एकेक घोट पाजत राहिला. लहान मुलाला पाजावं तसं.

डोळ्यांपुढचं सावरलं तेव्हा मला पहिली जाणीव झाली ती लाजेची. ट्रकखाली माझं लेकरू गेलं असतं. आणि त्याच क्षणी दुसरी जाणीवही होती, जी लिहायला मला जड जातं. मुलगी साडूकडे ज्या नजरेनं बघत होती, त्या नजरेनं तिनं माझ्याकडे कधी बघितलं नव्हतं.

"ऊन खाली गेलं की निघू," साडू म्हणाला. "दादा, तुम्ही गाडी चालवायची न्हाय."

"मग काय ढकलत न्यायची?"

"मी चालवते," मुलगी म्हणाली.

"तुला कुठं येती?"

साडू रस्त्याकडे बघायला लागला.

"येती," ती म्हणाली. "दिवाळीत जयसिंगपुरात काकांनी शिकवली. लायसनही काढलंय. मम्मीला माहीत हाय."

"आणि मला?"

"तुम्हाला एकदा म्हटलं होतं की. 'हातपाय मोडून घेशील' म्हणून केवढं वरडला होता."

मला ते आठवेना. उन्हातून आलो असेन.

ऊन कलल्यावर आम्ही निघालो. साडू पुढे, आम्ही मागे. तिनं क्लच इतका अलगद सोडला की गाडी हलल्याचं कळलं नाही. मला काहीतरी सांगायचं होतं, गिअर असा टाक, वळणावर तसं कर. पण सांगण्यासारखं काही उरलेलंच नव्हतं. अंगावर ओला शर्ट, मानेवर ओला टॉवेल, वारा आता खरंच गार लागत होता. मी पुढे वाकलो.

"पुढच्या यात्रेला कुणाच्या मागं बसणार?"

"कुणाच्याच न्हाय," ती म्हणाली. तिचं बोलणं वाऱ्यातही स्पष्ट ऐकू येत होतं. "माझी मी येणार."

म्हणजे साडूचीही जागा गेली. माझा जीव ज्यानं थोड्या वेळापूर्वी सावरला, त्याच्या मागचं रिकामं सीट बघून मला आनंद झाला, आणि तो मला थांबवता येईना. एवढ्यावर तरी गप्प बसावं. पण मी पुन्हा वाकलो.

"तुझ्या मागं बसणारा पहिला मीच की न्हाय मग?"

"तुम्ही? न्हाय ओ पप्पा. शिकवताना काका बसायचेच की मागं."

"बरं," मी म्हटलं. मानेवरचा टॉवेल काढून तिथंच शेतात भिरकावून द्यावासा वाटला. दिला नाही. फार गार वाटत होतं.